ओट्सच्या पिठाचे दालचिनी मफिन: पीठ भिजू द्या, सोडा शेवटी घाला

बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि डॉक्टरांनी बेकरीचे केक, बिस्किटं, खारी सगळं बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या घरात खरा प्रश्न आला तो चारच्या चहाचा. गोव्यात फोंड्याला आमच्याकडे सकाळी पदेर म्हणजे पाववाला हॉर्न वाजवत येतो, पोय (कोंड्याचा पाव) घेतली की सकाळ निभावते, पण चहासोबत बाबांना काहीतरी मऊ आणि थोडं गोड लागतंच, इतक्या वर्षांची सवय आहे ती, एका दिवसात कशी सुटणार. म्हणून मी ओट्सच्या पिठाचे दालचिनी मफिन करायला घेतले. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. वरून रंग छान, आतून चिकट, आणि थंड झाल्यावर मधोमध खड्डा. मैद्याच्या रेसिपीत जेवढे कप मैदा होता तेवढेच कप मी ओट्सचं पीठ घातलं होतं, आणि कालवलं की लगेच ओव्हनमध्ये ठेवलं होतं. दोन्ही चुकाच.

चूक कळली ती शेजारच्या आंटीमुळे. ती नाताळात बाथ करते, रवा आणि नारळाचा केक, आणि त्याचं मिश्रण रात्रभर झाकून ठेवते. मी विचारलं, एवढा वेळ कशाला, तर म्हणाली, "गो बाय, रव्याक फुगपाक वेळ दी." ओट्सचं अगदी तसंच आहे. मैदा पाणी पटकन पितो, ओट्स सावकाश पितात, कारण त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. ओट्सची लापशी थोडा वेळ ठेवली की दाट बुळबुळीत होते ना, ती त्याच्यामुळेच. मिश्रण भिजायच्या आत भाजलं तर पीठ पाणी पूर्ण धरत नाही, मफिन आधी फुगतो आणि मग आत बसतो, खाताना जिभेला कणकण लागतात ते वेगळंच.

आणि दुसरी अडचण अशी की दह्यासोबत सोडा पडला की त्याचे बुडबुडे लगेच सुरू होतात, म्हणजे सगळं एकत्र कालवून पंधरा मिनिटं ठेवलं तर पीठ भिजतं पण सोड्याचा जोर संपतो. म्हणून मी आता ढोकळ्यासारखं करते, पीठ आधी भिजवून ठेवायचं आणि फुगवणारं सगळं अगदी शेवटी घालायचं, इनो घालतो तसं. या एका बदलाने माझे मफिन सुधारले, बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता पिठाबद्दल. विकतचं ओट्सचं पीठ घ्यायची अजिबात गरज नाही, साधे रोल्ड ओट्स किंवा क्विक ओट्स मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा. मसाला ओट्सचं पाकीट चुकूनही नको, त्यात मीठ-मसाला असतो. स्टील-कट ओट्स फार कडक, मिक्सर तापतो आणि पीठ रवाळच राहतं. एकदम दोन मिनिटं फिरवत बसू नका, वीस सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत वीस सेकंद, असं तीनचारदा, मग चाळणीने चाळा आणि वरचं जाडं परत फिरवा. आमच्या गोव्यातल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, पाकीट उघडून चार दिवस झाले की ओट्स मऊ पडतात आणि मऊ ओट्स नीट दळले जात नाहीत, तेव्हा आधी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चारपाच मिनिटं कोरडेच परता, थंड करा आणि मग दळा. तसेही परतलेल्या ओट्सना जो शेंगदाण्यासारखा खमंग वास येतो तो मला इतका आवडतो की मी उन्हाळ्यातही परतूनच घेते. ओट्समध्ये गव्हापेक्षा स्निग्ध अंश जास्त असतो, त्यामुळे दळलेलं पीठ बाहेर राहिलं तर खवट होतं, कडवट वास येतो. लागेल तेवढंच दळा, उरलं तर डब्यात घालून फ्रीजमध्ये.

मोजायचं वजनावर. हे मी हट्टाने सांगते. २४० मिलीच्या एका कपात मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम बसतो, ओट्सचं पीठ तेवढ्याच कपात ९० ते १०० ग्रॅम, आणि दाबून भरलं की आणखी वेगळं. छोटा डिजिटल काटा घरात असला की ही कटकटच संपते, २०० ग्रॅम ओट्स घेतले की २०० ग्रॅम पीठ, चहाचे कप मोजत बसायला नको.

साधारण १० मफिनसाठी मी हे घेते:

ओट्सचं पीठ २०० ग्रॅम
गूळ १०० ग्रॅम, बारीक चिरलेला किंवा पावडर
अंडी २
दही १२० ग्रॅम म्हणजे अर्धा कप, फार आंबट नको
पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून १०० ग्रॅम, मोठं असलं तर एक, वेलची केळी असली तर दोन किंवा तीन
तेल पाव कप म्हणजे ६० मिली
दालचिनी पूड २ छोटे चमचे सपाट
बेकिंग पावडर २ छोटे चमचे सपाट
खायचा सोडा पाव छोटा चमचा, वर एक कणही नको
मीठ पाव छोटा चमचा
व्हॅनिला १ छोटा चमचा, नसला तरी चालतो
वरून घालायला मूठभर काजू तुकडा

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा. पाककृतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, आपल्या घरातले चहाचे चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात, आणि सोडा जास्त पडला की मफिनला साबणासारखी चव येते, ती मग काही केल्या जात नाही.

गूळ कुठला? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाचा गूळ मिळतो, काळाभोर, टोकदार ढेपेचा, तो मिळाला तर घ्याच. दालचिनीबरोबर त्याची जी चव जमते ती साखरेने कधी येणार नाही. फक्त तो सरळ मिश्रणात टाकू नका, त्यात कधी कधी बारीक कचरा असतो. दोन मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा, गाळून घ्या आणि पूर्ण थंड होऊ द्या, गरम गुळात अंडं फोडलं तर अंडं शिजून त्याच्या गुठळ्या होतात. पाणी घातलं म्हणून दही दोन चमचे कमी घ्या. साधा उसाचा गूळही चालतो, काही बिघडत नाही.

दालचिनीवर मात्र थोडं थांबते, कारण मफिन तिच्या नावाचा आहे. आपल्या बाजारात जी जाड, कडक, लाकडाच्या सालीसारखी मिळते ती बहुतेक कॅसिया, चव तिखट आणि झणझणीत. दुसरी सिलोनची, पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, विडीसारखी, हाताने चुरा होते, वास गोडसर आणि हलका. फोंडा तालुक्यात सावईवेरें, केरीकडे मसाल्याच्या बागा आहेत, तिथे दालचिनीची झाडं बघायला मिळतात आणि बागेच्या दुकानात सालही असते, घेताना पातळ पापुद्रे बघून घ्या. हा फरक नुसता चवीचा नाही. कॅसियामध्ये कुमारिन नावाचं द्रव्य बऱ्यापैकी असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर लिव्हरला त्रास देऊ शकतं, युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेने त्याची मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलीग्रॅम अशी धरलीय. सिलोन दालचिनीत ते अगदी नावापुरतं असतं. महिन्यातून दोनदा मफिन करणार असाल तर काळजीचं काही नाही, पण मुलांच्या डब्यात रोज द्यायचा विचार असेल तर सिलोनच घ्या, कारण लहान मुलाचं वजन कमी आणि म्हणून त्याची मर्यादाही कमी.

पूड घरीच करा. दळलेली दालचिनी दोन महिने डब्यात राहिली की तिचा वास उडतो, मग आपण जास्त घालत जातो आणि चव कडवट होते. साल मोडून दोन चमचे ओट्सबरोबर फिरवली की छान बारीक होते, एकटी फिरवली तर पात्याखाली अडकते. आणि ही पूड कोरड्या पिठात न घालता कोमट तेलात घाला. दालचिनीचा वास तेलात उतरतो, पाण्यात तेवढा नाही, फोडणीत आपण करतो तेच हे, फक्त इथे तेल कोमटच हवं, कडकडीत तापलं तर पूड जळते. तेल हाताला जेमतेम गरम लागेल इतकं करा, पूड घाला, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. त्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात जो वास सुटतो त्याने बाबा आपोआप आत येतात.

तेल कुठलं हा मुद्दा मी मनावर घेतलाय. मला स्वतःला घाण्यावरचं खोबऱ्याचं तेलच आवडतं, गोव्यात वाढलेल्या माणसाला ती चव घरची वाटते. पण खोबऱ्याच्या तेलात संपृक्त चरबी खूप, ८० टक्क्यांच्या वरच, म्हणून ज्यांच्यासाठी हे मफिन करतेय त्यांचंच कोलेस्टेरॉल वाढलेलं असताना मी ते घालत नाही, सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं घालते. मुलांसाठी, पाहुण्यांसाठी करते तेव्हा खोबऱ्याचं. ते घालणार असाल तर दही आणि अंडी फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर थंड दही लागलं की तेल गोठतं आणि मिश्रणात पांढरे दाणे दिसायला लागतात.

आता कृती. मोठ्या भांड्यात अंडी आणि गूळ व्हिस्कने दोनतीन मिनिटं चांगलं फेटा, फेस यायला हवा. ओट्सच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणजे मैद्यासारखी हवा धरून ठेवणारी जाळी त्यात होत नाही, ते काम इथे अंडी करतात, म्हणून फेटण्यात घाई करू नका. मग केळं, दही, दालचिनीचं तेल, व्हॅनिला घालून सारखं करा. मग ओट्सचं पीठ आणि मीठ. मैद्याच्या मफिनला जास्त ढवळू नका असं सांगतात कारण ते चिवट होतात, इथे ती भीती नाही, गुठळी राहणार नाही असं मनसोक्त ढवळा. सुरुवातीला मिश्रण पातळ वाटेल, भज्याच्या पिठासारखं. पीठ वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. झाकून १५ मिनिटं ठेवा.

या १५ मिनिटांत ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १८० डिग्रीला तापायला लावा, साच्यात कागदाचे कप लावा किंवा तेलाचा हात फिरवा, आणि बेकिंग पावडर जिवंत आहे का बघा. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, फसफसून वर आली तर चांगली, नुसती विरघळून बसली तर टाकून द्या. पावसाळ्यात आमच्याकडे उघडा डबा महिनाभरात मरतो हे मी अनुभवलंय, म्हणून आता सगळ्यात छोटा डबा आणते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते.

१५ मिनिटांनी मिश्रण बघाल तर इडलीच्या पिठासारखं झालेलं असेल, चमच्यावरून जाड धारेने सावकाश पडणारं. त्याहून घट्ट झालं असेल, पळीवरून पडतच नसेल, तर दोन चमचे दूध घाला. आता बेकिंग पावडर आणि सोडा चहाच्या गाळणीतून वर भुरभुरवा, गाळणी का तर सोड्याची एक गुठळी राहिली तर त्या मफिनमध्ये कडू डाग निघतो. वीसेक वेळा हलक्या हाताने खालून वर फिरवा आणि लगेच साच्यात भरा, पाऊण भरेपर्यंत. वरून काजू तुकडा आणि चिमूटभर दालचिनी. अख्खे काजू लावायची गरज नाही, तुकडा स्वस्त पडतो आणि प्रत्येक घासात येतो.

मधल्या रॅकवर १८० डिग्रीला १८ ते २२ मिनिटं. ओटीजी छोटा असला की वरचा रॉड मफिनच्या अगदी डोक्यावर येतो आणि वरून काळं, आत कच्चं असं होतं, मग रॅक एक घर खाली घ्या किंवा १२ मिनिटांनंतर वर फॉइल सैलसर ठेवा. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. काडी घालून बघा, मधोमध घाला, ओलं पीठ चिकटलं नाही म्हणजे झालं, दोनचार मऊ कण लागले तर चालतात. बोटाने वर हलकं दाबलं तर परत वर यायला हवं.

काढल्यावर पाच मिनिटं साच्यातच, मग जाळीवर. साच्यात तसेच ठेवले तर वाफेने खालचा कागद ओला होतो. आणि गरम गरम मोडून खाऊ नका, हे सांगताना मलाही जड जातं कारण वास तसा असतो, पण ओट्सचा मफिन गरम असताना भुसभुशीत आणि किंचित चिकट लागतो, तासाभराने घट्ट बसतो आणि दालचिनीही तेव्हाच नीट कळते. दुसऱ्या दिवशी तर आणखी छान लागतो.

ओटीजी नसेल तर? जाड कढईत किंवा मोठ्या कुकरमध्ये बोटभर मीठ किंवा वाळू पसरा, वर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून. स्टीलच्या वाट्यांना तेल लावून त्यात मिश्रण घाला, मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. वरून रंग येणार नाही कारण वर आच नसते, पण आतून चांगले होतात. आपल्याकडे गोव्यात बिबिंक, तो थराथरांचा गोड पदार्थ, करताना वर निखारे ठेवतात ते त्या वरच्या आचेसाठीच.

श्रावणात आमच्या घरी अंडं चालत नाही, सोमवारीही नाही, तेव्हा बिनअंड्याचे करते. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवायची, ती चिकट होते आणि अंड्याच्या जागी बांधायचं काम करते. पण नुसत्या ओट्समध्ये नुसतं जवस थोडं कमी पडतं, मफिन काढताना तुटतात. म्हणून एक छोटा चमचा इसबगोल घालते, किंवा २०० मधले ५० ग्रॅम ओट्स काढून तेवढी कणीक घेते. फुगतात थोडे कमी, वेळ तीनचार मिनिटं जास्त लागतो. ज्यांना ग्लुटेन चालतच नाही त्यांनी कणीक नको, आणि ओट्सही ग्लुटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या, कारण साधे ओट्स गव्हाच्याच यंत्रांवर साफ होतात आणि त्यात गव्हाचे कण येतात.

हेल्दी म्हणजे नेमकं किती, हे मी घरी कागदावर मांडून बघितलंय. या मापाने, वरचे काजू न धरता, एका मफिनमध्ये साधारण १९५ कॅलरी, ४ ग्रॅम प्रोटीन, २ ग्रॅमच्या आसपास तंतू आणि गुळाचे १० ग्रॅम. मैद्याच्या मफिनपेक्षा तंतू नक्कीच जास्त, कारण १०० ग्रॅम ओट्समध्ये १० ग्रॅमच्या आसपास तंतू असतो, मैद्यात ३ ग्रॅमच्या आसपास. पण गूळ ही साखरच आहे. त्यातल्या लोहाबिहाचं कौतुक १० ग्रॅमला फारसं लागू होत नाही, रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. एक मफिन खाल्ला की त्यातले १० गेले, दोन कप गोड चहा झाला की उरलेलेही संपत आले. म्हणून आमच्याकडे मफिन असेल त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.

कोलेस्टेरॉलसाठी ओट्स चांगले हे खरं आहे, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर तसं लिहायला परवानगी दिली, पण ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने. एका मफिनमध्ये २० ग्रॅम ओट्स, म्हणजे बीटा-ग्लुकन एका ग्रॅमपेक्षाही कमी. ते ३ ग्रॅम भरून काढायला चार मफिन खाणं म्हणजे ४० ग्रॅम गूळ पोटात घालणं, त्यापेक्षा सकाळी ओट्सची उपमासारखी वाटीभर लापशी खाल्लेली बरी. बाबा तेच करतात, सकाळी वाटी आणि चारला एक मफिन. डायबेटिस असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, ओट्स जितके बारीक दळाल तितकी साखर लवकर चढते, त्यामुळे ओट्सचं पीठ म्हणजे हवं तेवढं खाऊन चालेल असं नाही. आणि दालचिनीने शुगर उतरते असं कोणी सांगितलं म्हणून गोळ्या कमी करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासाठी करताना मी गूळ ६० ग्रॅमवर आणते आणि केळं १५० ग्रॅम घेते, गोडी कमी होते पण दालचिनी भरपूर असल्यामुळे जीभ कुरकुर करत नाही. ६० च्या खाली मी उतरले नाही, मग मफिन कोरडे पडतात, गूळ ओलावाही धरून ठेवतो ना.

टिकण्याचं सांगते. यात केळं आणि दही आहे, आणि आपली हवा दमट. पावसाळ्यात बाहेर एक दिवस, बाकी वेळी दीड-दोन दिवस, त्याच्यापुढे वर पांढरे ठिपके यायला लागतात. पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा, खाली आणि वर पेपर नॅपकिन घाला, फ्रीजमध्ये चार दिवस आरामात राहतात. मी रविवारी दोन घाण्यांचे वीस करते, आठ बाहेर ठेवते, बाकीचे एकेक गुंडाळून झिपच्या पिशवीत फ्रीझरला, तिथे दोन महिने चव टिकते. रात्री काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की सकाळी डब्यात द्यायला तयार, किंवा गोठलेलाच मायक्रोवेव्हमध्ये तीसेक सेकंद. मायक्रोवेव्ह नसेल तर तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर चार मिनिटं, खालची बाजू जरा कुरकुरीत होते. आईला तो तव्यावरचाच आवडतो.